मोड, लाही आणि माल्ट : ज्वारीच्या एका प्रयोगाची परिभाषा

घरगुती पद्धतीच्या बिअरमध्ये नव्या जातीचे माल्ट घालून पाहणे, ही वरवर केवळ चवीची बाब वाटते. परंतु नंदुरबारसारख्या जिल्ह्यातील ज्वारी घेऊन असा प्रयोग करावयाचा म्हटले, म्हणजे ‘माल्ट’ या एकाच शब्दाखाली किती भिन्न क्रिया एकत्र आल्या आहेत, याचा प्रथम उलगडा करावा लागतो. मराठीने हा शब्द इंग्रजीतून जसाच्या तसा उचलला. तो आपल्याकडे रुळला तो मुख्यतः दुधात घालावयाच्या पौष्टिक पुडीचे नाव म्हणून. त्यामुळे त्यामागील क्रिया परकी आहे, असा समज सहज होतो. हा समज कितपत खरा आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

सातपुड्याच्या या भागातील प्रसिद्ध पेय मोहाचे होय. संस्कृत ‘मधूक’, प्राकृत ‘महूअ’, मराठी ‘मोह’ असा या नावाचा प्रवास आहे. भ्रांतीचा वाचक जो ‘मोह’ त्याच्याशी त्याचे केवळ ध्वनिसाम्य आहे. चैत्राच्या सुमारास रात्री गळलेली फुले पहाटे वेचून वाळवितात. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग, कित्येकदा त्याहूनही अधिक, साखरेचा असतो. ही साखर फुलात आयतीच असल्यामुळे फुले पाण्यात भिजवून ठेवली की किण्वन सुरू होते आणि पुढे त्या आंबोणाचे ऊर्ध्वपातन करतात. या सबंध कृतीत माल्टाला स्थान नाही. कारण माल्टाचे जे कार्य, ते निसर्गाने फुलातच उरकलेले असते.

धान्याची गोष्ट निराळी आहे. धान्यात साखर नसते, पिष्ट असते. आणि यीस्टला पिष्ट पचत नाही. पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारी विकरे दाणा रुजू लागला म्हणजे तयार होतात. म्हणून धान्य भिजवावयाचे, त्यास मोड आणावयाचे, आणि अंकुर फार वाढण्यापूर्वी दाणा वाळवून ती वाढ थांबवावयाची, हीच माल्ट करण्याची कृती होय. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून तिचे पीठ करणारी मराठी गृहिणी हेच करीत असते. मात्र ती त्यास ‘नाचणीचे सत्त्व’ म्हणते. क्रिया एक, पण भाषेने तिला पेयाशी न जोडता पथ्याशी जोडले आहे.

प्राचीन यज्ञविधीच्या परिभाषेत हे भेद अधिक स्पष्ट होते. सौत्रामणी यागात सुरा लागते. वाजसनेयी संहितेच्या एकोणिसाव्या अध्यायात आणि त्या विधीच्या सूत्रग्रंथांत तिची द्रव्ये येतात. भाष्यकारांच्या मते ‘शष्प’ म्हणजे मोड आलेली साळ, ‘तोक्म’ म्हणजे मोड आलेले यव, ‘लाजा’ म्हणजे भाजून फुललेली साळ, आणि ‘नग्नहु’ म्हणजे किण्वनासाठी घालावयाचे वनस्पतींचे मिश्रण. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, मोडाचे धान्य आणि भाजलेले धान्य यांना निरनिराळी नावे आहेत. ‘लाजा’ शब्द तर ‘लाही’ या रूपाने मराठीत आजही नांदत आहे. ‘तोक्म’ मात्र लोपला.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. आधुनिक बिअरशास्त्रातही आधाराचे माल्ट आणि विशेष माल्ट असे दोन वर्ग मानतात. पहिले मंद उष्णतेवर वाळविलेले असते. त्यातील विकरे जिवंत राहतात आणि साखर करण्याचे मुख्य काम तेच करते. दुसरे अधिक भाजलेले असते. भाजण्याने रंग, खमंगपणा, किंचित कडवटपणा ही येतात. परंतु विकरे बहुतांशी किंवा पूर्णतः नष्ट होतात. इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलर याने १८१७ मध्ये फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले, आणि थोड्या काळ्या माल्टाने पुष्कळशी बिअर रंगविता येऊ लागली. म्हणजे विशेष माल्ट हे साखर देण्यासाठी नसून गुण देण्यासाठी असते. साखरेसाठी त्यास आधाराच्या माल्टाची सोबत लागतेच. तोक्म आणि लाजा एकाच पात्रात का येतात, याचेही उत्तर येथेच सापडते. लाही फुलताना तिच्यातील पिष्ट शिजून मोकळे होते. ते फोडण्याची शक्ती मात्र मोडाच्या धान्याकडून यावी लागते.

आता ज्वारीकडे वळू. खानदेशात रब्बीची ‘दादर’ ज्वारी प्रसिद्ध आहे. ज्वारीच्या माल्टाची पेये आफ्रिकेत पूर्वापार चालत आली आहेत. शिवाय नायजेरियाने १९८८ मध्ये बार्लीच्या माल्टाची आयात बंद केली, तेव्हा तेथील कारखान्यांनी ज्वारी आणि मका यांवर बिअर काढून दाखविली. तेव्हा ज्वारीची योग्यता सिद्धच आहे. प्रश्न आहे तो तिच्या स्वभावाचा. बार्लीचे पिष्ट साधारणतः ६० ते ६५ अंश सेल्सियसला फुगून शिजू लागते. ज्वारीच्या पिष्टास सुमारे ६८ ते ७८ अंश लागतात. परंतु माल्टोज साखर करणारे बीटा-अमायलेज हे विकर ६५ अंशांच्या पुढे झपाट्याने निकामी होते, आणि ज्वारीच्या माल्टात ते मुळातच कमी असते. म्हणून केवळ ज्वारीची बिअर करणारे लोक आधी माल्ट कोमट पाण्यात भिजवून विकरयुक्त निवळी बाजूस काढतात, तळाचा गाळ उकळून घेतात, आणि तो निवल्यावर निवळी त्यात परत मिसळतात. दुसरी अडचण टरफलाची. बार्लीचे टरफल गाळणीचे काम करते. ज्वारीस ते नसल्यामुळे रस तुंबतो.

तिसरी बाब सुरक्षिततेची असल्याने अधिक महत्त्वाची आहे. ज्वारीच्या कोंबात धुरिन नावाचे द्रव्य असते व त्यापासून हायड्रोजन सायनाइड हा विषारी पदार्थ निर्माण होतो. कोवळी ज्वारी खाल्लेल्या जनावरास विषबाधा होते, ती यामुळेच. म्हणून मोड आलेली ज्वारी पूर्णपणे वाळवून, चोळून आणि पाखडून तिचे कोंब व मुळ्या काढून टाकणे अपरिहार्य आहे. नाचणीच्या सत्त्वाची रीत येथे जशीच्या तशी लागू करणे धोक्याचे ठरेल.

या सर्व विवेचनावरून प्रयोगाची दिशा ठरते. ज्वारीस आधाराचे माल्ट न करता विशेष माल्ट करावे. कोंब काढलेली मोडाची ज्वारी तांबूस होईपर्यंत भाजावी आणि बार्लीच्या आधार-माल्टात दहा टक्के मिसळावी. शेजारी केवळ बार्लीचे दुसरे पात्र असावे. पाणी, उष्णता, वेळ, हॉप व यीस्ट दोहोंकडे सारखीच असावीत. अन्यथा फरक ज्वारीचा की इतर कशाचा, हे कळणार नाही. रसाच्या थेंबात आयोडीन टाकता निळा-काळा रंग आला, तर पिष्ट शिल्लक आहे असे समजावे. तिसऱ्या पात्रात मोड न आणता नुसत्या ज्वारीच्या लाह्या तेवढ्याच प्रमाणात घेतल्यास मोडाचा गुण कोणता आणि भाजण्याचा कोणता, हेही वेगळे काढता येईल. ‘माल्ट’ या एका शब्दाने जे झाकले जाते, ते या तीन पात्रांनी उघड होते.

अर्थात् हा प्रयोग कोठे करावा, हा प्रश्न गौण नाही. कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात गृहस्थांस विशिष्ट प्रसंगी घरी श्वेतसुरा करण्याची मोकळीक दिली आहे. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. म्हणून किण्वनापर्यंतचा प्रयोग परवानाधारक ठिकाणीच व्हावयास हवा. मोड, भाजणी, गोड रस आणि त्याची चव येथपर्यंतचा भाग मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत करता येतो, आणि नव्या माल्टाची निम्मी परीक्षा तेथेच होते. याच जिल्ह्यातील तळोदे तालुक्यात १९३८ च्या सुमारास संत गुलाम महाराजांच्या चळवळीने आदिवासींना मद्यत्यागाची शिकवण दिली आणि एकमेकांस ‘आप’ म्हणण्याचा परिपाठ घालून दिला. दारू सोडणे आणि आदराचे सर्वनाम मिळविणे ही तेथे एकाच आत्मसन्मानाची अंगे होती. या इतिहासाकडे डोळेझाक करून पेयाचे केवळ कौतुक करणे उचित नव्हे.

तथापि त्यागाचा आदर आणि ज्ञानाची उपेक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीच क्रिया शहरात घडली म्हणजे तिला ‘क्राफ्ट’ म्हणतात आणि पाड्यावर घडली म्हणजे ‘गावठी’. पहिला शब्द कौशल्य सुचवितो, दुसरा अपराध. कायद्याचा भेद परवान्याचा आहे. कौशल्याचा भेद भाषेने आपल्या पदरचा घातला आहे. तो दूर करण्याचा एक मार्ग क्रियांना त्यांची नावे देणे हा होय. माल्टास ‘मोडधान्य’, विशेष माल्टास ‘भाजके मोडधान्य’ आणि मोडावाचून फुलविलेल्या दाण्यास ‘लाही’ म्हटल्यास अर्थ तत्काळ कळतो. ज्या बाईने आयुष्यभर सत्त्व केले आणि लाह्या फोडल्या, तिलाही या प्रयोगात आपले काय आहे, हे मग वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.