रुग्णालयांची पारख

आदिलाबाद हा तेलंगणाच्या उत्तर टोकाचा जिल्हा. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ लागते. नांदेड आणि चंद्रपूर हे जिल्हेही सीमेला लागूनच. १९५६च्या भाषावार प्रांतरचनेत आदिलाबाद आंध्रात गेला आणि २०१४ साली तेलंगणात आला. पण तेथील मराठी काही नाहीशी झाली नाही. अशा सीमेवरच्या माणसाला मोठे दुखणे आले म्हणजे प्रश्न पडतो, की जावयाचे कोठे? गावात २००८ साली सुरू झालेली ‘रिम्स’ ही सरकारी वैद्यकीय संस्था आहे, खासगी इस्पितळे आहेत. नागपूर सुमारे दोनशे किलोमीटरवर, हैदराबाद तीनशेवर. निवड मात्र होते ती शेजाऱ्याच्या सांगण्यावरून, नाहीतर इमारतीच्या झगमगाटावरून. आमच्या गोमंतकात आणि शेजारच्या सिंधुदुर्गात तरी याहून वेगळे काय घडते?

तुलना करावयाची तर ती कशी, याचा धडा व्हिएन्नाने घालून दिला आहे. तेथील एकाच रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. १८४६ साली पहिल्यात शंभरांतल्या अकरांवर बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तीनही नव्हेत. स्त्रियांना कोणत्या विभागात घ्यावयाचे हे वारावरून ठरे, आजाराच्या गांभीर्यावरून नव्हे. म्हणून ही तुलना न्याय्य होती. पहिल्या विभागातले विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीस येत, हे सेमेलवाइस या डॉक्टरने ताडले. १८४७च्या मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. दोन आकडे शेजारी शेजारी मांडले नसते, तर दोष दैवावर गेला असता.

आपल्याकडे तो दैवावरच जातो. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून दहा बालके गेली. २०२३च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा अर्भके होती. चार दिवस हळहळ झाली, आणि पुढे?

केवळ मृत्यूंची संख्या पाहून सरकारी रुग्णालयास दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. खासगीत पैसे संपले किंवा आशा संपली, की रुग्ण अखेरच्या घटकेस तेथेच पोहोचतो. म्हणून सारख्याची सारख्याशीच तुलना हवी. नैसर्गिक प्रसूती किती आणि शस्त्रक्रियेने किती? शस्त्रक्रियेनंतर किती जखमा चिघळल्या? रात्री एका परिचारिकेकडे किती खाटा? अग्निशमन यंत्रणेची तपासणी शेवटची कधी झाली? शासकीय रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी २०१५ पासून ‘कायाकल्प’ योजना आहे, खासगींसाठी मानांकनेही आहेत. पण मानांकन व्यवस्थेची ग्वाही देते. तेथून किती रुग्ण बरे होऊन घरी गेले, हे सांगत नाही. ते आकडे रुग्णालयाच्या दारावर, लोकांच्या भाषेत लागले पाहिजेत. आदिलाबादेत याचा अर्थ तेलुगूबरोबर मराठी आणि गोंडीही, असा होतो.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे राज्य संपले आणि आदिलाबाद मुक्त झाले. २०१९ पासून हाच दिवस जगभर रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. हा योगायोगच; पण प्रजेला नागरिक करणारा अधिकार विचारण्याचाच असतो. राजाला हिशेब विचारणाऱ्या लोकांनी रुग्णालयाला तो विचारताना संकोचू नये, आणि शासनाने तो मागण्याची वेळ येऊ न देता स्वतःहून मांडावा.