वायर गरम का होते? दोन आकड्यांचा हिशेब

इस्त्रीचे दुकान असो, शिलाईचा कारखाना असो की बेकरी, विजेशिवाय आज कोणत्याही धंद्याचे पान हलत नाही. घाऊक व्यापाऱ्याशी पैशा-पैशाचा हिशेब करणारा आपला दुकानदार विजेची बाब मात्र सगळी वायरमनवर सोडून देतो. इस्त्री नीट तापली नाही की "कंपनी करंटच कमी देते" असे म्हणून मोकळा होतो. दोष खरोखर कंपनीचा आहे की दुकानातल्याच एखाद्या ढिल्या स्क्रूचा, हे साध्या गुणाकार-भागाकाराने कळू शकते.

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब आणि अँपिअर म्हणजे तारेतून वाहणारा प्रवाह. या प्रवाहाला होणारा अडथळा म्हणजे रोध. तो ओहममध्ये मोजतात. जर्मन शिक्षक गेऑर्ग ओम यांनी १८२७ साली या तिन्हींचे नाते ग्रंथरूपाने मांडले, म्हणून त्यांचेच नाव या मापाला मिळाले. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध निघतो आणि व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट, म्हणजे शक्ती, निघते. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की बिलात एक युनिट पडते.

समजा इस्त्रीवर १००० वॅट, २३० व्होल्ट असे लिहिले आहे. १००० ला २३० ने भागले तर प्रवाह ४.३५ अँपिअर येतो. २३० ला ४.३५ ने भागले तर रोध सुमारे ५३ ओहम. इस्त्रीतील नायक्रोमच्या तारेचा रोध गरम झाल्यावरही फारसा बदलत नाही. म्हणून दाब २०० व्होल्टवर आला तर प्रवाह २०० भागिले ५३, म्हणजे ३.७७ अँपिअर, आणि शक्ती फक्त ७५५ वॅट. दाब १३ टक्क्यांनी घटला, पण उष्णतेचा जवळपास चौथा हिस्सा गेला! कारागीर कामचुकार नसतो; त्याच्या हातातली इस्त्रीच अर्धपोटी असते.

आता मुद्द्याची गोष्ट. एका दुकानात अशा तीन इस्त्र्या आहेत. मेन स्विचपासून इस्त्रीच्या बोर्डापर्यंत तीस मीटर अंतर असून १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली आहे. इस्त्र्या बंद असताना मेन स्विचवर आणि बोर्डावर दोन्हीकडे २३० व्होल्ट दिसतात. सारे ठीकच आहे असे वाटते. बहुतेक लोक इथेच फसतात, कारण प्रवाह नसेल तर वायरमध्ये दाब पडतच नाही. तिन्ही इस्त्र्या एकदम चालू करून मोजले तर मेन स्विचवर २२७ आणि बोर्डावर २१६ व्होल्ट मिळतात. प्रवाह सुमारे १२ अँपिअर. म्हणजे कंपनीच्या बाजूने तीनच व्होल्ट कमी झाले. बाकीचे ११ व्होल्ट दुकानाच्या आतच गळाले.

११ ला १२ ने भागले तर वाटेतला रोध ०.९२ ओहम येतो. या जाडीच्या तांब्याच्या वायरचा रोध एक किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. जाण्याची आणि येण्याची मिळून वायर ६० मीटर, म्हणून तिचा रोध ०.७२ ओहम. मग उरलेला ०.२ ओहम कुठला? तो कुठल्या तरी जोडाचा, ढिल्या स्क्रूचा किंवा काळ्या पडलेल्या पिनेचा. ०.२ ओहम हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण १२ अँपिअरला तिथे २.४ व्होल्ट पडतात आणि २.४ गुणिले १२ म्हणजे सुमारे २९ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाला शिसे वितळवण्यासाठी वापरतो ती सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते. तशीच एक आपल्या बोर्डाच्या आत दिवसभर पेटती ठेवल्यासारखे झाले, आणि बाजूला कपड्यांचे गठ्ठे! फ्यूज हे काम ओळखत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. उलट थोडा कमी झालेला असतो. तेव्हा फ्यूज उडत नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांनी मात्र इस्त्रीचा हिशेब मोटारीला लावू नये. मोटारीची गुंडाळी मल्टिमीटरने मोजून त्या ओहमने व्होल्टला भागले तर भलताच मोठा प्रवाह येतो. चालू मोटार स्वतः उलटा दाब तयार करते आणि तोच प्रवाह आवरून धरतो. शिवाय मोटारीत व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरनेही गुणावे लागते, आणि थ्री फेज असेल तर १.७३२ नेही. ४१५ व्होल्टवर २ अँपिअर घेणाऱ्या मोटारीचा पॉवर फॅक्टर ०.७५ असेल तर ती सुमारे १०७८ वॅट वीज खाते. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. तेवढे काम मिळाले तर बाकीची वीज बहुतेक उष्णतेत गेली. आणि दाब कमी झाला की इस्त्री प्रवाह कमी घेते, पण भाराखाली असलेली मोटार जास्त घेते. ढिल्या जोडापायी मोटारी जळतात आणि रिवाइंडिंगवाल्याचा धंदा चालतो, तो असा.

मोजताना जपावे. प्रवाह वायरला विळखा घालणाऱ्या टाँग टेस्टरने मोजावा. मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून त्याच्या पिना सॉकेटमध्ये कधीही घालू नयेत, भडका उडतो. ओहम मोजायचा तो उपकरण लाइनपासून पूर्ण काढूनच. चालू बोर्डावरचे मोजमाप परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, पण आकडे त्याला विचारून वहीत लिहून ठेवावेत.

काळा पडलेला जोड नुसता आवळून भागत नाही. मेन स्विच बंद करून जळका तुकडा कापावा, सॉकेट बदलावे आणि न्यूट्रलचे जोडही तपासावेत. टेस्टरचा दिवा न्यूट्रलचा दोष दाखवत नाही. मग तिन्ही इस्त्र्या चालू करून पुन्हा मोजावे. मेन स्विचवर २२७ असताना बोर्डावर २१८ च्या आसपास मिळाले तर जोड सुधारला. त्याहून जास्त हवे असतील तर २.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकावी लागेल. तिच्यात १२ अँपिअरला साडेआठऐवजी सुमारे सव्वापाच व्होल्टच पडतात.