सर्व्हरच्या दारातून आत

आगाशी किंवा निर्मळच्या बागायतदाराला सातबारा पाहायचा असला की तो महाभूलेख उघडतो. आधी कोकण विभाग निवडायचा, मग पालघर जिल्हा, वसई तालुका, गाव आणि शेवटी गट क्रमांक. ही निवड तो स्वतः करतो. पण संकेतस्थळ उघडण्याआधीच संगणकांनी त्याच्यासाठी एक पत्ता टप्प्याटप्प्यानं उलगडलेला असतो, आणि त्या कामाचा शेवटचा भाग सर्व्हरच्या आत, ॲप्लिकेशनं चालवणाऱ्या ‘वेब कंटेनर’मध्ये होतो. त्याबद्दल मराठीत फारच कमी लिहिलं गेलं आहे.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला पिनकोड आठवा. त्याची आखणी टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ४०१२०१ मधला पहिला ४ पश्चिमेकडचा विभाग सांगतो, पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन वसईच्या टपाल कार्यालयापर्यंत नेतात. प्रत्येक टप्प्यावरचा माणूस आपल्यापुरतेच अंक वाचतो. वेबवरही तसंच होतं, फक्त वाचन दोन दिशांनी चालतं.

पत्त्यातलं यजमानाचं (होस्टचं) नाव उजवीकडून वाचतात: आधी ‘इन’, मग ‘गव्ह’, मग खात्याचं नाव. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली डीएनएस ही व्यवस्था शेवटी एक आयपी क्रमांक देते आणि तिथे तिचं काम संपतं. पण एकाच क्रमांकावर अनेक संकेतस्थळं नांदत असतात. म्हणून ब्राउझर विनंतीतच ‘होस्ट’ या ओळीत नाव पुन्हा लिहून पाठवतो. १९९७ च्या एचटीटीपी १.१ मानकानं ही ओळ सक्तीची केली.

यापुढे पत्ता डावीकडून वाचला जातो. अपाची टॉमकॅट हा जावाचा प्रसिद्ध कंटेनर घ्या. होस्ट ओळीतलं नाव पाहून तो आधी यजमान ठरवतो. नाव जुळलं नाही तर नेमून दिलेल्या मूळ यजमानाकडे विनंती जाते. मग तिरक्या रेघेनंतरचा भाग पाहून कुठलं ॲप्लिकेशन हे ठरतं. अनेक जुळले तर सर्वांत लांब जुळणारा मार्ग जिंकतो. हा मार्ग बहुधा ॲप्लिकेशनच्या फाइलीच्या नावावरूनच येतो. ‘कर.वॉर’ नावाची फाइल ठेवली की पत्ता ‘/कर’ होतो, फाइलीचं नाव बदललं की पत्ताही बदलतो. शेवटी ॲप्लिकेशनमधलं सर्व्हलेट, म्हणजे विनंतीला उत्तर देणारा प्रोग्रॅम, निवडलं जातं: तंतोतंत जुळणारा मार्ग पहिला, मग लांबातला लांब उपमार्ग, मग फाइलीचं शेपूट, आणि काहीच न जुळल्यास सर्वसाधारण सर्व्हलेट.

खरी गंमत आणि खरी अडचण वेब सेवांची, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमनी वापरायच्या सेवांची आहे. सोप पद्धतीच्या सेवेला ‘मी कुठे राहते’ हे स्वतःच डब्ल्यूएसडीएल या आपलं वर्णन करणाऱ्या दस्तऐवजात लिहून द्यावं लागतं. तो पत्ता कंटेनर सहसा आलेल्या विनंतीवरूनच तयार करतो. कंटेनरच्या पुढे विनंत्या आत पोचवणारा प्रॉक्सी सर्व्हर असेल आणि त्यानं मूळ नाव आत पोचवलं नसेल, तर दस्तऐवजात आतल्या यंत्राचं नाव आणि ८०८० हा आतला पोर्ट छापला जातो. विकसकाच्या टेबलावर सगळं सुरळीत चालतं, बाहेरच्या प्रोग्रॅमला मात्र त्या पत्त्यावर कोणीच भेटत नाही. उपाय साधा आहे: प्रॉक्सीनं मूळ होस्ट पुढे पाठवावा, किंवा टॉमकॅटच्या कनेक्टरमध्ये ‘प्रॉक्सीनेम’ आणि ‘प्रॉक्सीपोर्ट’ लिहून ठेवावेत. कोडमध्ये यंत्राचं नाव कोरून ठेवणं हा मात्र उपाय नव्हे. सर्व्हर बदलला की ते सगळं पुन्हा शोधत बसावं लागतं, आणि सरकारी सेवांचे सर्व्हर बदलतातच.

सामान्य माणसालाही याचा उपयोग आहे. ‘सर्व्हर सापडत नाही’ असं आलं तर अडचण बहुधा नावाच्या टप्प्यावर असते. ४०४ दिसला तर सर्व्हर भेटला, पण आतला मार्ग जुळला नाही. ५०२ किंवा ५०३ आला तर समोरचं दार उघडं आहे, पण आतली सेवा उत्तर देत नाही. म्हणून विरारमधून असो वा वाड्यातून, घरपट्टी किंवा सातबाऱ्याचं पान अडलं, तर तक्रारीत ‘साइट बंद आहे’ एवढंच लिहू नका. पडद्यावरचा पूर्ण पत्ता, आकडा आणि वेळ लिहा. दुरुस्ती करणाऱ्याला नेमकं कुठे पाहायचं ते त्यावरून कळतं.