एकट्या पिल्लाचा उद्योग

कुत्र्याचे पिल्लू घरात आले की पहिले काही दिवस सारे घर त्याच्याभोवती फिरत असते. पुढे सुटी संपून मुले शाळेत जाऊ लागतात, वडील माणसे आपापल्या कामाला लागतात आणि पिल्लू घरात एकटे राहते. सायंकाळी दार उघडावे तो चपलेचा पट्टा कुरतडलेला, उशीतील कापूस खोलीभर पसरलेला, आणि दिवसभराच्या भुंकण्याने त्रासलेले शेजारी दारात उभे! पिल्लू द्वाड आहे, असा निर्णय तेथल्या तेथे दिला जातो. मग त्याला साखळीने बांधतात. कित्येकदा ते परत केले जाते किंवा रस्त्यावर सोडून दिले जाते. यातील चमत्कारिक गोष्ट अशी, की मंद पिल्लांविषयी अशा तक्रारी फारशा ऐकू येत नाहीत. त्या बहुधा हुशार पिल्लांविषयीच असतात.

याचे कारण कुत्र्याच्या इतिहासात आहे. कुत्रा हा लांडग्याचा वंशज असून मनुष्याने त्याला निदान पंधरा हजार वर्षांपूर्वी जवळ केले. कळप वळविणे, शिकारीचा माग काढणे, वस्तीची राखण करणे अशा कामांत जे कुत्रे उपयोगी पडले, त्यांचीच वीण मनुष्याने पिढ्यान्‌पिढ्या वाढविली. तेव्हा कुत्र्याची हुशारी ही शोभेसाठी नसून कामासाठी जोपासली गेली आहे. मेंढपाळाबरोबर रानोमाळ हिंडणारा कुत्रा क्वचितच एकटा असतो आणि रिकामा तर जवळजवळ कधीच नसतो. तीच बुद्धी घेऊन जन्मलेले पिल्लू दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कोंडले, तर ते आपले काम आपणच शोधून काढते. उशीत काय भरले आहे, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने अगदी रास्त आहे.

ही बुद्धी कोठवर जाऊ शकते याचे एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ‘चेसर’ ही बॉर्डर कोली जातीची कुत्री. बॉर्डर कोली ही मूळची स्कॉटलंड व इंग्लंड यांच्या सीमेवरील, मेंढ्या वळविणारी जात. वॉफर्ड महाविद्यालयातील निवृत्त मानसशास्त्रज्ञ जॉन पिली यांनी तीन वर्षे परिश्रम करून चेसरला १०२२ खेळण्यांची नावे ओळखण्यास शिकविले. त्यांचे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात त्यासाठी पिली दररोज काही तास खर्च करीत. इतका वेळ सामान्य कुटुंबाजवळ नसतो, आणि त्याची गरजही नसते. मात्र पिल्लाला काहीच न दिल्यास काय होते, हे समजून घेण्याजोगे आहे.

कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मॅक्‌गिल विद्यापीठात १९५० नंतरच्या दशकात याविषयी काही प्रयोग झाले. डोनाल्ड हेब या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांतून ते निघाले होते आणि विल्यम टॉम्सन व रोनाल्ड मेल्झॅक यांनी त्यांचा वृत्तान्त १९५६ मध्ये सर्वसामान्य वाचकांपुढे मांडला. स्कॉटिश टेरिअर जातीच्या पिल्लांचे दोन गट करण्यात आले. एका गटातील पिल्ले माणसांच्या सहवासात, नेहमीच्या पाळीव कुत्र्यांप्रमाणे वाढली. दुसऱ्या गटातील प्रत्येक पिल्लू, दूध तुटल्यापासून कित्येक महिने, बाहेरचे काहीही दिसणार नाही अशा पिंजऱ्यात एकटे ठेवले गेले. अन्न, पाणी, स्वच्छता यांत काही उणे नव्हते. ही पिल्ले शरीराने निरोगी होती; उणीव होती ती अनुभवाची.

पुढे दोन्ही गटांची परीक्षा झाली. एका परीक्षेत खोलीच्या एका कोपऱ्यात अन्न ठेवून तेथे जाण्याची सवय कुत्र्यांना लावण्यात आली. नंतर तेच अन्न त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवले. मोकळेपणी वाढलेले कुत्रे सरळ नव्या जागी गेले. कोंडून वाढविलेले कुत्रे मात्र पुन्हा पुन्हा जुन्याच कोपऱ्याकडे धावत राहिले. चक्रव्यूहातून वाट काढतानाही त्यांच्या चुका बऱ्याच अधिक झाल्या. मेल्झॅक यांच्या १९५७ मधील प्रयोगात तर अशा कुत्र्यांनी पेटलेल्या काडीला नाक लावले, चटका बसला तरी ते काही वेळाने पुन्हा तेथेच आले. पोळणे म्हणजे काय, हेसुद्धा त्यांना धड उमगले नव्हते. विशेष म्हणजे ही पिल्ले मरगळलेली नव्हती. उलट ती अनावर चंचल होती. हे प्रयोग निष्ठुर होते यात शंका नाही. घरातील एकटेपणा त्या पिंजऱ्याइतका कठोर नसतो हे खरे. परंतु बुद्धीची वाढ पोटभर अन्नाने आपोआप होत नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले.

मग पिल्लाला काय द्यावे? येथे बहुतेक लोक खेळण्यांच्या दुकानाकडे वळतात आणि एकदम दहा-बारा खेळणी आणतात. त्यांचा उपयोग थोडाच होतो. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले, की एकच खेळणे वारंवार समोर आले म्हणजे कुत्र्याचे त्यावरचे लक्ष लवकर उडते आणि वेगळा रंग व वेगळा वास असलेले खेळणे दिले की ते परत येते. यास्तव दोन-तीन खेळणी बाहेर ठेवून बाकीची दृष्टीआड करावी व चार दिवसांनी अदलाबदल करावी. जुनी चप्पल खेळण्यासाठी देण्याची पद्धत मात्र अगदी चुकीची. जुनी कोणती आणि काल विकत आणलेली कोणती, हा भेद पिल्लाने कसा करावा?

खेळण्याहून पिल्लाला अधिक प्रिय असते ते स्वतः सोडविलेले कोडे. स्वीडनच्या कृषिविज्ञान विद्यापीठातील एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बीगल कुत्र्यांच्या सहा जोड्या घेतल्या होत्या. प्रत्येक जोडीतील एका कुत्र्याला विशिष्ट उपकरण चालविल्यावर बक्षीस मिळे. दुसऱ्याला तेच बक्षीस, तितक्याच वेळाने, पण काही न करता मिळे. आपल्या कृतीने बक्षीस मिळविणारे कुत्रे अधिक शेपटी हलवीत व अधिक उत्साही दिसत. बक्षीस दोघांनाही सारखेच होते. तेव्हा हा आनंद केवळ खाण्याचा नव्हता, तर आपल्याला हे जमले, याचाही होता असे म्हणावे लागते.

या तत्त्वाचा उपयोग घरी करणे सोपे आहे. रोजच्या अन्नापैकी काही भाग थाळीत न देता शोधून काढावयास द्यावा. जुना पंचा जमिनीवर पसरून त्यावर भाकरीचे लहान तुकडे किंवा कोरड्या खाद्याचे दाणे विखरावे आणि त्याची सैल गुंडाळी करावी. इडलीपात्रातील थाळीच्या खळग्यांत एकेक दाणा ठेवून वर चेंडू ठेवता येतात. चेंडू मात्र पिल्लाच्या घशात जाणार नाही इतका मोठा हवा. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या पोकळ व जाड रबरी खेळण्यात शिजवलेला भात व थोडे दही भरून ते गोठविल्यास चाटण्याचे काम बराच वेळ पुरते, आणि दात येण्याच्या दिवसांत गार रबराने हिरड्यांनाही आराम पडतो. पिल्लाचे २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे दात येईपर्यंत ते सुमारे सहा-सात महिन्यांचे होते. तोवर चावणे ही त्याची शारीरिक गरजच असते.

पहिले कोडे अगदी सोपे असावे. पंच्याची गुंडाळी पहिल्या दिवशी करूच नये, नुसती एक घडी घालावी. फार अवघड काम पुढे आले तर पिल्लू नाद सोडते किंवा पंचाच फाडते. कोणतीही नवी वस्तू प्रथम माणसांच्या देखत द्यावी. ज्याला कापड फाडून गिळण्याची खोड आहे, त्याला पंचा एकटे असताना देऊ नये. शिजवलेली हाडे फुटून त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात, म्हणून ती वर्ज्य. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट ही कुत्र्याला विषारी आहेत.

वास घेण्याच्या कामाला येथे विशेष महत्त्व आहे. शार्लोट ड्युरँटन व ॲलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही कुत्र्यांना दोन आठवडे वासावरून खाद्य शोधण्याचा सराव दिला आणि काहींना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा. त्यानंतर, खाद्य असेल की नाही याची खात्री नसलेल्या भांड्याकडे पहिल्या गटातील कुत्रे पूर्वीपेक्षा लवकर जाऊ लागले. दुसऱ्या गटात तसा बदल झाला नाही. म्हणून बाहेर पडण्यापूर्वी पिल्लाला फिरवून आणताना घाई करू नये. त्याला झुडपाशी थांबून हुंगू द्यावे.

एवढे करूनही एकटेपणाची सवय वेगळी लावावी लागते. आरंभी दाराबाहेर क्षणभर जाऊन परत यावे, मग मिनिटभर, मग पाच मिनिटे, अशा क्रमाने वेळ वाढवावा. लघवी आवरण्याची शक्ती ढोबळ मानाने महिन्याला एक तास अशी धरतात. तीन महिन्यांच्या पिल्लाला सबंध दिवस कोंडून ठेवणे हे कोणत्याही खेळण्याने भरून निघणारे नाही. त्या वेळी शेजाऱ्यांची मदत घ्यावी.

कंटाळा आणि भीती यांतील फरकही ओळखला पाहिजे. कंटाळलेले पिल्लू घरभर हिंडून मिळेल ते चावते आणि ठेवलेले खाद्यही खाते. एकटेपणाला घाबरलेले पिल्लू माणसे गेल्यावर थोड्याच वेळात रडू लागते, दार व चौकट ओरबाडते, लाळ गाळते आणि आवडीच्या खाद्यालाही तोंड लावीत नाही. मोबाईलचा कॅमेरा सुरू करून घराबाहेर गेल्यास यांपैकी काय घडते ते दिसते. दुसरा प्रकार आढळल्यास कोडी पुरत नाहीत. पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. शिक्षा मात्र दोन्ही प्रकारांत निरुपयोगी आहे, कारण सकाळी फाडलेली उशी आणि सायंकाळचा मार यांचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही.

सकाळी हुंगत केलेला फेरफटका आणि त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांचे कोडे, एवढ्याने लहान पिल्लू दमते. दिवसाचा बहुतेक वेळ झोपणे हा त्याचा स्वभावधर्मच आहे. कोडे सुटले की ते रिकामा पंचा एकदा पुन्हा हुंगून पाहते, त्यावरच अंग टाकते आणि झोपी जाते.