माणशी अर्ध्या एकराचे पाणी

गावाकडे माळावर चर खोदण्याचे काम निघाले की टिकाव-पाटी घेऊन आपली माणसे सर्वांत आधी जातात. काम रोजगार हमीचे असो वा एखाद्या संस्थेचे, माती उपसणारे हात बहुधा भूमिहीनांचेच असतात. दोन-चार पावसाळे बरे गेले की माळाच्या पायथ्याच्या विहिरींना पाणी चढते. ज्याच्या रानात विहीर, त्याचा ऊस उभा राहतो आणि चर खोदणारा त्याच उसात खुरपायला जातो. जमिनीची धूप थांबली, पाणी वाढले, हे सारे खरे. पण ते पाणी झाले कोणाचे?

पुणे जिल्ह्यातील एका संस्थेने या प्रश्नाला पन्नास वर्षांपूर्वी हात घातला होता. तिचे नाव ग्रामगौरव प्रतिष्ठान. लोक मात्र तिच्या कामाला 'पाणी पंचायत' म्हणूनच ओळखतात. आपल्या वाचकांपैकी अनेकांचे मूळ गाव दुष्काळी पट्ट्यात आहे. त्यांनी ही हकिकत मुद्दाम वाचावी.

पुरंदर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. त्यातल्या पूर्वेकडील गावांत पाऊस बेताचाच, आणि पडला तर एकदम कोसळून उतारावरची माती घेऊन जाणारा. १९७२च्या दुष्काळात इथली माणसे सरकारी कामांवर खडी फोडत होती. पुण्यातील कारखानदार आणि अभियंते विलासराव साळुंखे ही कामे पाहायला गेले. हजारो माणसे दिवसभर राबताहेत आणि त्या राबण्यातून पुढच्या वर्षीचा दुष्काळ टाळेल असे काहीच उभे राहत नाही, हे त्यांना खटकले. आपण म्हणू, मजुराला तर दुष्काळात कामाचे दाम मिळाले म्हणजे पुरे. पण फोडलेल्या खडीतून ज्वारी उगवत नाही, हे मजुराइतके कोणाला ठाऊक आहे?

१९७४ साली साळुंखे यांनी नायगाव येथील देवस्थानची सुमारे ४० एकर जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली. जमीन उताराची, माती धुऊन गेलेली, वरती मुरूम उघडा पडलेला. अशी जमीन कोणी फुकट दिली तरी शेतकरी नाक मुरडेल. तिथे उताराला आडवे बांध घातले गेले. या कामात एक गोष्ट सांभाळावी लागते. बांध एका पातळीत हवा. कुठे हातभर खाली गेला की सारे पाणी तिथे गोळा होते, बांध फुटतो आणि पूर्वी होती त्याहून मोठी घळ पडते. पातळी साधली की पाणी बांधाशी थबकते, सोबत आणलेली माती तिथेच टाकते आणि सावकाश जमिनीत मुरते. खालच्या अंगाला पाझर तलाव केला, त्याच्याही खाली विहीर घेतली, वर झाडे लावली. पाच-सहा वर्षांत त्या उजाड माळावर धान्य पिकू लागले.

असे माळ हिरवे करणाऱ्या संस्था महाराष्ट्रात पुढे अनेक झाल्या. नायगावचे वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. आजूबाजूच्या गावांचे शेतकरी आमच्याकडेही हे करा म्हणून येऊ लागले, तेव्हा पाणी वाटायचे कसे याचे नियम ठरले.

योजना एकट्या-दुकट्याची नाही, गटाची. पाणी मिळणार ते जमीन किती यावर नव्हे, घरात माणसे किती यावर. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. म्हणजे नवरा-बायको आणि तीन मुले असे घर असेल, तर त्याची जमीन पंधरा एकर असो की तीन, पाणी अडीच एकरांचेच. ऊस लावायचा नाही, कारण एकाचा ऊस दहा जणांची ज्वारी पितो. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. आणि गावातल्या भूमिहीनालाही पाण्यात वाटा. खर्चापैकी वीस टक्के गटाने उभे करायचे, पन्नास टक्के सरकारचे, उरलेले तीस टक्के संस्थेने बिनव्याजी कर्जाऊ द्यायचे. पाळीप्रमाणे पाणी सोडायला पाटकरी नेमायचा.

भूमिहीनाचा वाटा! ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याचा पाण्यावर हक्क. बाबासाहेबांच्या अनुयायांना या शब्दांचे मोल वेगळे सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हता, सार्वजनिक पाण्यावर माणूस म्हणून असलेल्या हक्काचा होता. शेतीविषयी तर त्यांनी १९१८ सालीच लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला होता. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्याला भांडवल, अवजारे, श्रम यांची जोड किती यावर ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. पाण्याखालचा अर्धा एकर आणि कोरडा पाच एकर यांत कोणता मोठा, हे दुष्काळात घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला विचारावे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाण्याचा हक्क मिळाला तरी ते सोडायचे कोणत्या जमिनीत? भूमिहीनाला त्यासाठी दुसऱ्याचे रान वाट्याने कसावे लागणार, आणि वाट्याच्या शेतीत मालकाचा शब्द वरचढ असतो. जमिनीचा प्रश्न पाण्याने सुटत नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९६४-६५ साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला तो पडीक सरकारी जमिनी कसणाऱ्यांना मिळाव्यात म्हणून, आणि गायरानाची ती लढाई अनेक गावांत अजून चालू आहे. शिवाय उपसा योजना म्हटली की वीजबिल आले, मोटार जळणे आले, पाळीवरून भांडणे आली. ऊस नको हा नियमही सगळ्यांना गोड लागला नाही. शेजारच्या कालव्यावर ऊस डोलत असताना स्वतः ज्वारीवर समाधान मानणे सोपे नसते.

साळुंखे २००२ साली वारले. कल्पनाताई साळुंखे या कामात त्यांच्या सुरुवातीपासूनच्या सोबती होत्या. माणशी वाटपाचा नियम सरकारी पाणलोट कामांत मात्र सर्रास शिरला नाही. तिथे आजही बांध घातल्यावर पाणी ज्याच्या विहिरीत उतरेल त्याचे.

म्हणून ज्यांचे घरचे लोक गावी आहेत त्यांना एक सुचवावेसे वाटते. तुमच्या शिवारात पाणलोटाचे काम मंजूर झाले, तर ग्रामसभेत ते काम सुरू होण्याआधी जा. मजुरीचा दर विचाराच, पण वाढलेल्या पाण्याची वाटणी कशी होणार आणि त्यात भूमिहीनांचा वाटा किती, हेही विचारा आणि उत्तर ठरावाच्या वहीत लिहून घ्या. चर खोदून झाल्यावर हा प्रश्न काढला तर कोणी ऐकून घेत नाही.