मधलीची गोष्ट

चार-पाच मुलींच्या घरात एक तरी अशी असतेच, जिच्याबद्दल पाहुण्यांना सांगताना आईचा आवाज जरा खाली येतो. थोरली कशी जबाबदार, दुसरी किती हुशार, धाकट्या दोघी तर घराचा जीव की प्राण... आणि ही? ‘‘ही जरा वेगळी आहे हो,’’ एवढं बोलून विषय बदलला जातो. शाळेतून तक्रारी येतात त्या हिच्याच, आजारपण हिचंच आणि रुसवे-फुगवेही हिचेच. घर काही वाईट नसतं. आईवडिलांची माया खोटी नसते. तरीही मायेच्या पंगतीत ही पोर कायम शेवटच्या पाटावर कशी बसते, ते कुणालाच नीट सांगता येत नाही.

अशाच एका मधल्या मुलीची ही गोष्ट. घर फ्रान्समधलं, कॅथलिक, दीडशे वर्षांपूर्वीचं. घराणं कसलं म्हणाल, तर आई, वडील आणि धाकटी बहीण, तिघांनाही चर्चनं संत म्हणून जाहीर केलेलं! आपल्याकडे गावोगावी ‘लिटल फ्लॉवर’ नावाच्या शाळा दिसतात ना? ते नाव जिच्यावरून पडलं, ती संत तेरेझ म्हणजे हिची सर्वांत धाकटी बहीण. मदर तेरेसांनी आपलं नाव घेतलं तेही तिच्यावरूनच. गोव्यात ज्यांचं शव जतन केलेलं आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीनं १९२७ मध्ये पोपनी तिला धर्मप्रसाराच्या कार्याची आश्रयदाती केलं. असं हे घर. आणि या घरात ‘हिचं पुढं होणार तरी काय’ अशी जिची काळजी सगळ्यांना लागून राहिली, ती तिसरी मुलगी लेओनी मार्टिन.

आधी आईची ओळख करून घेऊ या. झेली तिचं नाव. आलाँसाँ या गावात ती सुईनं लेस विणायची. ही लेस म्हणजे साधंसुधं काम नव्हे. एका चौरस सेंटिमीटरला सात-सात तास लागतात. २०१० मध्ये युनेस्कोनं या कलेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. झेलीनं लग्नाआधीच या लेसचा स्वतःचा धंदा उभा केला होता. गावातल्या बायका आपापल्या घरी तुकडे विणायच्या, दर गुरुवारी आणून द्यायच्या आणि ते तुकडे दिसणार नाहीत असे जोडण्याचं सगळ्यात नाजूक काम झेली स्वतः करायची. नवरा लुई घड्याळजी. दोघांनाही तरुणपणी संन्यास घ्यायचा होता, दोघांनाही मठातून नकार मिळाला. १८५८ मध्ये त्यांचं लग्न झालं. पुढं बायकोचा धंदा इतका वाढला, की १८७० मध्ये लुईनं आपलं दुकान विकलं आणि तो तिच्या हाताखाली हिशेब, ऑर्डरी, गिऱ्हाइकं बघायला लागला. एकोणिसाव्या शतकात, बरं का!

घरात देवाधर्माचं सगळं नेमानं चालायचं. भल्या पहाटे नवरा-बायको मिस्साला जायचे, संध्याकाळी सगळ्यांची मिळून प्रार्थना व्हायची. रविवारी दुकान बंद म्हणजे बंद, मग गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर. आणि लेकरं? नऊ झाली. त्यातली चार गेली. दोन मुलगे वर्षाचेही झाले नाहीत. एक मुलगी दोन महिन्यांच्या आत गेली. आणि हेलेन, पाच वर्षांची, चांगली बोलती-चालती पोर, १८७० च्या फेब्रुवारीत गेली. झेलीची दोनशेच्या वर पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यात एके ठिकाणी ती लिहिते, की ‘जाणारच होती तर झाली नसती तर बरं’ असं लोक मला समजावतात, ते माझ्याच्यानं ऐकवत नाही. ही लेकरं कायमची हरवलेली नाहीत, पुन्हा भेटणार आहेत, ही तिची श्रद्धा. याच श्रद्धेच्या जोरावर ती दुसऱ्या दिवशी पुन्हा लेस हातात घ्यायची.

आता जगलेल्या पाच जणी बघा. मारी १८६० ची, पोलीन १८६१ ची. मग १८६३ ची लेओनी. त्यानंतर सेलीन १८६९ ची आणि तेरेझ १८७३ ची. थोरल्या दोघींची जोडी. धाकट्या दोघींची जोडी. आणि मधे लेओनी एकटी! तिचीही जोडीदारीण होती हो. तिच्यापेक्षा वर्षभरानं लहान असलेली ती हेलेन. ती गेली तेव्हा लेओनी सहा वर्षांची होती. नंतरचे दोघे भाऊही आधीच गेलेले. मोठ्या घरात प्रेम असतं ते असं जोड्या-जोड्यांनी फिरतं. दोघी एका अंथरुणात, दोघींचं एक गुपित, दोघींची एक भाषा. ज्याची जोडी मोडते, त्याचं काय होतं, हे मोजायला भरल्या घरात कुणाला सवड असते?

त्यात लेओनीची तब्येत जन्मापासूनच नाजूक. गोवर, डांग्या खोकला, अंगभर इसब. शाळेत डोकं चालेना. ल मां या गावी तिची मावशी नन होती. तिच्या कॉन्व्हेंटच्या शाळेत मारी आणि पोलीन छान शिकल्या. लेओनीलाही पाठवलं, पण ती परत आली. पुन्हा पाठवलं, पुन्हा परत आली. मावशीनंही हात टेकले. वडिलांनी मुलींना लाडाची नावं ठेवली होती. मारी म्हणजे ‘हिरा’, पोलीन म्हणजे ‘मोती’, सेलीन ‘शूर’, तेरेझ तर ‘छोटी राणी’. आणि लेओनी? ती नुसतीच ‘भली लेओनी’. प्रेमानंच म्हणायचे, यात शंका नाही. पण हिरा, मोती आणि राणी यांच्या रांगेत उभं राहून ‘भली’ ऐकताना त्या पोरीला काय वाटत असेल?

एक प्रसंग तेरेझनं स्वतः लिहून ठेवलाय. आपण आता भातुकलीच्या वयाच्या राहिलो नाही, असं वाटून लेओनीनं आपली बाहुली, बाहुलीचे कपडे, कापडाचे रंगीत तुकडे असं सगळं एका टोपलीत भरलं आणि धाकट्या बहिणींपुढं धरलं. हवं ते घ्या म्हणाली. सेलीननं लेसपट्टीची एक गुंडी उचलली. तेरेझनं थोडा विचार केला आणि मला सगळंच हवं म्हणत टोपलीच उचलली. पुढं तेरेझ संत झाली आणि तिचं ते ‘सगळंच हवं’ जगभर गाजलं. देवाकडेही अर्धंमुर्धं मागायचं नाही, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला. ते ठीकच आहे. पण टोपली कुणाची होती? तिची आठवण कुणी फारशी काढत नाही.

आता या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग. १८७६ च्या डिसेंबरात झेलीला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. छातीतली गाठ आता ऑपरेशनच्या पलीकडे गेली आहे. ही गाठ तिच्या अकरा वर्षांपूर्वीच लक्षात आली होती. पण बाळंतपणं, धंदा, आजारी मुलं... स्वतःकडे बघायला वेळ कुठला? (मैत्रिणींनो, हे वाक्य वाचून पुढं जाऊ नका. छातीत गाठ लागली तर दुखत नाही म्हणून थांबायचं नसतं. झेलीच्या काळी इलाज नव्हता, आपल्या काळी आहे.) १८७७ च्या फेब्रुवारीत मावशीही क्षयानं गेली. त्या आधी झेलीनं बहिणीला एकच विनवणी केली होती. देवापाशी गेलीस की माझ्या लेओनीचं तेवढं बघ.

आणि काही आठवड्यांतच थोरल्या मारीच्या ध्यानात आलं, की घरातली जुनी मोलकरीण लेओनीला धाकात ठेवते आहे. फक्त माझंच ऐकायचं, आईचं नाही. ऐकलं नाहीस तर बघ! आणि हे कुणाला सांगितलंस तरी बघ! कित्येक वर्षं हे चाललं होतं, एका छपराखाली. गंमत म्हणजे त्या बाईला आपण पोरीला वळण लावतोय असंच वाटत होतं. झेलीच्या आजारपणात ती मनापासून राबतही होती. जगात नुसती दुष्ट माणसं असती तर ओळखणं किती सोपं झालं असतं!

झेलीवर काय कोसळलं असेल, कल्पना करा. पोर हट्टी नव्हती, घाबरलेली होती. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ देवाचं नाव घेतलं जात होतं, त्या घरात. पण ही बाई रडत बसली नाही की स्वतःला कोसत बसली नाही. मोलकरणीची सत्ता तिनं तिथल्या तिथं संपवली. धाकानं मूल दबतं, चांगलं होत नाही, हे तिच्या त्या दिवसांतल्या पत्रांत दिसतं. लेओनीला तिनं सतत जवळ ठेवलं. पोर एकदम बदलली. आईला क्षणभर सोडेना. कामात मदत करायला लागली, बोलायला लागली. जिनं आजवर मरणाची भीती कधी बाळगली नव्हती, ती झेली आता लिहायला लागली, की मला या पोरीसाठी जगायचं आहे.

म्हणून त्या जूनमध्ये ती लूर्दला गेली. अंगात ताकद नाही, गाडीच्या प्रवासात हाल, तरी मारी, पोलीन आणि लेओनी यांना घेऊन. तिथल्या झऱ्याच्या पाण्यात तिनं चार वेळा स्नान केलं. चमत्कार झाला नाही. २८ ऑगस्ट १८७७ ला झेली गेली. वय पंचेचाळीस. लेओनीला आई खऱ्या अर्थानं मिळाली ती जेमतेम पाच महिने.

अंत्यसंस्कार झाल्यावरही त्या जोड्या पुन्हा दिसल्याच. सेलीननं मारीच्या गळ्यात पडून आता तूच माझी आई म्हटलं. चार वर्षांच्या तेरेझनं पोलीनला आई केलं. चौदा वर्षांच्या लेओनीनं कुणाकडं बघायचं?

वडील मुलींना घेऊन लिझिय गावी, मामा-मामींच्या जवळ राहायला गेले. मग एकेक जण मठात गेली. १८८२ मध्ये पोलीन, १८८६ मध्ये मारी, १८८८ मध्ये पंधरा वर्षांची तेरेझ, आणि म्हाताऱ्या, भ्रमिष्ट झालेल्या वडिलांची शेवटपर्यंत सेवा करून १८९४ मध्ये सेलीन. चौघी एकाच मठात! लेओनीलाही तेच हवं होतं. १८८६ मध्ये तीही एका मठात गेली. दोन महिन्यांत इसब उसळला आणि ती परत आली. १८८७ मध्ये कां या शहरातल्या दुसऱ्या मठात गेली, सहा महिन्यांत परत. १८९३ मध्ये पुन्हा तिथंच गेली, दोन वर्षांनी परत. बत्तिसाव्या वर्षी, तीनदा परत आलेली, मामाच्या घरी राहणारी मुलगी. आपल्याकडं तिला काय काय ऐकावं लागलं असतं, ते मी लिहायला नको.

पण इथंच या घराची श्रद्धा मला खरी वाटते. दर वेळी घराचं दार तिच्यासाठी उघडं होतं. तेरेझ मठाच्या भिंतीआडून तिला पत्रं लिहीत राहिली. क्षयानं खंगलेली असतानाही, मरणाच्या जेमतेम अडीच महिने आधी, जुलै १८९७ मध्ये तिनं लेओनीला लिहिलं. मोठमोठ्या पराक्रमांची देवाला गरज नसते, छोटी कामं प्रेमानं केली तरी पुरतात, ही तेरेझची शिकवण. ती ‘छोटी वाट’ लेओनीच्या पायांना बरोबर बसणारी होती. त्या सप्टेंबरात चोविसाव्या वर्षी तेरेझ गेली. तीन बहिणी मठाच्या नियमानं बाहेर येऊ शकत नव्हत्या. धाकटीच्या शवामागून दफनभूमीपर्यंत बहीण म्हणून चालत गेली ती एकटी लेओनी. नापास ठरलेली होती म्हणूनच ती तेव्हा बाहेर होती!

२८ जानेवारी १८९९ ला लेओनी तिसऱ्यांदा कांच्या मठात गेली. या वेळी मात्र ती परत आली नाही. बेचाळीस वर्षं तिथं राहिली. मोठं पद कधी मिळालं नाही, मागितलंही नाही. धाकटी बहीण जगप्रसिद्ध संत झाली, तेव्हाही ही आपली मदतनिसाची कामं करत राहिली. जून १९४१ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती गेली.

१८ ऑक्टोबर २०१५ ला पोप फ्रान्सिस यांनी लुई आणि झेली या नवरा-बायकोला एकत्रच संत म्हणून जाहीर केलं. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये लेओनीच्या संतपदासाठी चौकशीचं काम सुरू झालं होतं. ते पूर्ण होईल तेव्हा होईल. पण ज्यांच्या घरात एखादं ‘अवघड’ मूल आहे, अशा आईवडिलांना मात्र राणीपेक्षा ही भली लेओनीच जवळची वाटते.

भरल्या घरात सगळ्यांना सारखं प्रेम मिळतं, असं आपण म्हणतो. तसं ते आपोआप मिळत नाही. झेलीसारख्या देवभोळ्या, कष्टाळू, लेकरांवर जीव टाकणाऱ्या आईच्या नजरेतूनही एक पोर निसटली होती. तेव्हा आज रात्री सगळ्यांची ताटं वाढून झाली, की जरा मान वर करून बघा. कोण गप्प आहे? कोणाची तक्रार सारखी दुसराच कुणीतरी घेऊन येतो? कोण आपलं काहीच सांगत नाही? त्या पोराशेजारी जाऊन बसा. भांडी थोडी उशिरा घासली तरी चालतील.