दगडाने राखलेला सुगंध

हॉवर्ड कार्टर यांना १९२२ साली तुतानखामुनचं थडगं सापडलं, पण तिथे पोचणारे ते पहिले नव्हते. तीन हजार वर्षांपूर्वीच चोर येऊन गेले होते. त्यांनी दागिने उचलले यात नवल नाही. नवल हे की दगडी कुप्यांची बुचं काढून आतलं सुगंधी तेलही कातडी पिशव्यांत भरून नेलं. एका भांड्याच्या आतल्या अंगावर बोटांनी खरवडून काढल्याच्या खुणा तशाच राहिल्या होत्या. मला या खुणा राजाच्या मुखवट्याइतक्याच मोलाच्या वाटतात, कारण त्या काळात सुगंधाची किंमत काय होती, ते त्या थेट दाखवतात.

या कुप्या अलाबास्त्राच्या. आपण ज्याला इजिप्तचं अलाबास्त्र म्हणतो, तो खरं तर कॅल्साइट: दुधी, मधाच्या रंगाच्या पट्ट्यांचा, दिवा मागे धरला तर उजळून निघणारा दगड. अमार्नाजवळच्या वाळवंटात हातनुब इथे त्याची खाण होती. हातनुब म्हणजे सोन्याचं घर. मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफूच्या काळापासून तिथून दगड निघत होता.

सगळं कसब कुपी पोखरण्यात होतं. बाहेरचा आकार घासून-ठोकून देता येतो, पण अरुंद मानेतून आत शिरून पोट रुंद कसं करायचं? त्यासाठी कारागिराकडे एक गिरमिट होतं. लाकडी दांड्याच्या वरच्या टोकाला वजनासाठी दगड बांधलेले, खालच्या बेचक्यात चकमकीच्या गारेची चंद्रकोर बसवलेली. दांडा फिरवत राहायचा, मधून मधून वाळू टाकायची. कापण्याचं खरं काम वाळू करायची. आत जाताना कोर तिरकी घालायची आणि मानेखाली गेल्यावर आडवी करायची. सक्कारातल्या मेरेरुकाच्या थडग्यात असे पोखरणारे कारागीर भिंतीवर कोरलेले आहेत. जवळच जोसेरच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली चाळीस हजारांच्या आसपास दगडी भांडी सापडली. एवढ्या मेहनतीचा हा ढीग डोळ्यांपुढे आणला की छाती दडपते.

दगडच का? आपल्याकडे आंबट पदार्थ धातूला लागू नयेत म्हणून दगडीत ठेवत, तसाच हा व्यवहारी विचार. थिओफ्रास्टस या ग्रीक अभ्यासकाने लिहून ठेवलं आहे की ऊन आणि उष्णता सुगंधाला मारतात, आणि दगड थंड व घट्ट असल्याने सुगंध उडू देत नाही. ग्रीकांनी या कुपीचा आकार उचलला: लांबट अंग, गोल बूड, बारीक मान आणि रुंद सपाट ओठ. त्या ओठावर आलेला थेंब तिथेच बोटाने टिपून अंगाला लावता येई. ज्यांना दगड परवडत नसे, त्यांच्यासाठी मातीच्या कुप्या पांढऱ्या रंगवून निघत.

मराठी बायबलात येशूच्या मस्तकावर ओतलेलं मौल्यवान तेल अलाबास्त्राच्या कुपीतलंच, आणि ते जटामांसीचं. ही वनस्पती हिमालयातली. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत भडोचहून जटामांसी जहाजावर चढत असल्याची नोंद आहे. पैठण आणि तेरचा माल गाड्यांवरून त्याच बंदरात येत होता.

तुतानखामुनच्या एका कुपीत उरलेल्या मलमाची १९२६ साली रासायनिक तपासणी झाली. त्यात सुमारे नव्वद टक्के प्राण्यांची चरबी आणि बाकी राळेसारखा पदार्थ निघाला. गंध मंद झाला होता, पण गेला नव्हता. हुंगणाऱ्यांना त्यात खोबरेल तेलाची आठवण झाली.

कुठल्याही संग्रहालयात अशी फुटकी कुपी दिसली, तर बाहेरच्या गुळगुळीत अंगावर थांबू नका. फुटक्या बाजूने आत बघा. वाळूने पाडलेली आडवी वळी, एकाखाली एक, तिथे अजून दिसतात.